आयमॅक्स, फोर-डीएक्स, डॉल्बी सिनेमा: महागड्या तिकिटाचे पैसे वसूल होतात का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तिकिटाच्या अ‍ॅपवर एखादा नवा भव्यपट उघडला की एकाच नावाखाली पाच-सहा पाट्या दिसतात: टू-डी, थ्री-डी, आयमॅक्स टू-डी, आयमॅक्स थ्री-डी, फोर-डीएक्स, स्क्रीन-एक्स. दरांत दुपटीचा, कधी तिपटीचा फरक. हे पान त्या जादा पैशांबद्दल आहे. भर मुंबई-पुण्यावर आहे, कारण राज्यातले बहुतेक असे पडदे याच पट्ट्यात आहेत.

थोडक्यात सांगा, जादा पैसे वसूल होतात की नाही?

वर्षाकाठी दोन-तीन चित्रपटांना होतात. बाकीच्या वेळी आपण पाटीचे पैसे देतो.

वसूल व्हायचे तर तीन गोष्टी जुळाव्या लागतात. चित्रपट त्या पडद्याचा विचार करून चित्रित झालेला असावा, त्या थिएटरचा प्रोजेक्टर चांगला असावा आणि आपल्याला मधली, बऱ्यापैकी मागची खुर्ची मिळावी. यातली एक जरी हुकली तरी शेजारच्या साध्या स्क्रीनवर निम्म्या पैशांत जवळपास तेच पाहायला मिळते. लोक तिसरी अट सर्वांत हलक्यात घेतात. शनिवारी संध्याकाळी पुढच्या दोनच रांगा उरलेल्या असताना “मिळतंय ना, घेऊन टाक” म्हणणाऱ्या मित्राचे ऐकू नये.

आयमॅक्स म्हणजे फक्त मोठा पडदा का?

मुळात तो फिल्मचा प्रकार होता. १९६७ साली कॅनडात ही कंपनी सुरू झाली आणि १९७० च्या ओसाका येथील जागतिक प्रदर्शनात पहिला आयमॅक्स चित्रपट दाखवला गेला. ७० मिमीची फिल्म उभी सोडण्याऐवजी आडवी पळवायची आणि एका चौकटीला फिल्मच्या कडेच्या १५ छिद्रांइतकी लांबी द्यायची, ही त्यातली युक्ती. अशी एक चौकट साधारण ७० बाय ४८ मिमी भरते. नेहमीच्या ३५ मिमी चौकटीच्या कितीतरी पट तपशील तिच्यात मावतो, म्हणून सहा-सात मजली पडद्यावरही चित्र फुटत नाही. पडद्याचा आकार (रुंदीला उंची) १.४३ ला १, म्हणजे जवळजवळ चौरसाकडे झुकणारा आणि भिंतभर उंच.

मग २००८ च्या सुमारास डिजिटल आले आणि गोंधळ सुरू झाला. मॉलमधल्या नेहमीच्या सभागृहात पडदा थोडा वाढवून पुढे आणायचा, दोन २के (एका आडव्या ओळीत सुमारे दोन हजार ठिपके दाखवणारे) प्रोजेक्टर लावायचे, आवाजाची यंत्रणा बदलायची, आणि नाव तेच ठेवायचे. या पडद्यांचा आकार १.९० ला १. त्यानंतर लेझर प्रोजेक्टर आले. त्यातही एक लेझर वेगळा, दोन लेझरचा थोरला प्रकार वेगळा. म्हणजे ‘आयमॅक्स’ या एकाच पाटीमागे आज निदान चार निरनिराळ्या दर्जाच्या गोष्टी आहेत आणि दर ठरवणारा मात्र पाटी एकच समजतो. माझी मुख्य तक्रार हीच आहे.

मग मुंबई-पुण्यातला आयमॅक्स ‘खरा’ आहे का?

‘खरा’ म्हणजे ७० मिमी फिल्मवरचा, १.४३ आकाराचा, असे म्हणायचे असेल तर नाही. २०२३ साली ‘ओपेनहायमर’ त्या फिल्मवर जगभरात अवघ्या ३० थिएटरांत दाखवला गेला आणि त्यात भारतातले एकही नव्हते. (ती एक प्रत साधारण १८ किलोमीटर लांब आणि पावणेतीनशे किलो वजनाची होती. ती चढवायला लागणारी यंत्रे आणि माणसे सांभाळणे कुठल्याही मल्टिप्लेक्सच्या हिशेबात बसत नाही.) तरीही त्या आठवड्यात मुंबईत रिक्लायनरचे तिकीट २,४५० रुपयांपर्यंत गेल्याच्या बातम्या छापून आल्या. चित्र डिजिटल, पडदा १.९०, आणि दर मात्र न्यूयॉर्कला लाजवणारा.

आपल्याकडे मोठे प्रयोग झालेच नाहीत असे नाही. वडाळ्याचा आयमॅक्स २००१ साली घुमटाकार पडद्यासह उघडला, आणि शाळेच्या सहलीत तिथे मान वर करून व्हेल मासे पाहिलेली एक अख्खी पिढी मुंबईत आहे. हैदराबादच्या प्रसाद्झमध्ये २००३ पासून फिल्मचा आयमॅक्स होता. पुढे तो करार संपला, तरी त्या भल्यामोठ्या पडद्याची गर्दी ओसरली नाही. चर्चगेटचे इरॉस, १९३८ सालचे, २०२४ मध्ये लेझर आयमॅक्स म्हणून पुन्हा उघडले. याशिवाय लोअर परळ, मालाड, पुण्यात विमाननगर, असे मॉलमधले पडदे आहेतच.

‘लेझर’ लिहिलेले असले तर काय फरक पडतो?

बराच. जुन्या प्रोजेक्टरमध्ये झेनॉनचा दिवा असतो. तो वापराने मंद होत जातो आणि बदलायला महाग पडतो, म्हणून काही ठिकाणी शेवटच्या घटकेपर्यंत चालवला जातो. परिणामी रात्रीचे दृश्य करड्या धुक्यात घडल्यासारखे दिसते. लेझरमध्ये उजेड जास्त, रंग गडद आणि काळा रंग त्यातल्या त्यात काळा. २के ऐवजी ४के मिळते ते वेगळेच.

जुना दिव्याचा आयमॅक्स आणि नवा लेझरचा साधा मोठा पडदा यांत निवड करायची वेळ आली, तर मी डोळे झाकून लेझर निवडेन.

पडदा किती मोठा असला म्हणजे ‘आत शिरल्यासारखे’ वाटते?

फुटांत मोजू नका, कोनात मोजा. आपल्या खुर्चीवरून पडद्याच्या डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत किती अंश भरतात, यावर सगळे अवलंबून असते. चित्रपटगृहांच्या मानकांत ३० अंश हा किमान धरतात. ४० च्या आसपास चित्र छान भरते. ५० ते ७० अंशांत कडा नजरेतून सुटू लागतात आणि विमान वळले की पोटात गोळा येतो. आयमॅक्सची मूळ कल्पना हीच.

आता हिशेब करू. पडदा १८ मीटर रुंद आणि खुर्ची २० मीटरवर असेल तर साधारण ४८ अंश मिळतात. त्याच पडद्यापासून १२ मीटरवर बसलात तर ७४. आणि घरी ६५ इंची टीव्ही अडीच मीटरवरून पाहिला तर ३२. म्हणजे लहान स्क्रीनच्या शेवटच्या रांगेत बसून पाहिलेला चित्रपट आणि घरच्या कोचावरून पाहिलेला चित्रपट यांत डोळ्यांच्या दृष्टीने फरक उरत नाही. लोक ‘थिएटरमध्ये मजा राहिली नाही’ म्हणतात त्यामागे बऱ्याचदा हे मागच्या रांगेचे प्रेम असते. बाल्कनीचे तिकीट म्हणजे प्रतिष्ठा, ही सवय एकपडदा थिएटरांनी लावली आणि ती अजून सुटलेली नाही.

कोणती खुर्ची घ्यावी?

आयमॅक्समध्ये पडद्यापासून मागे जाताना साधारण दोन-तृतीयांश अंतरावर, अगदी मध्यभागी. आवाजाची जुळणीही बहुधा याच पट्ट्यात उभे राहून केलेली असते. साध्या स्क्रीनवर मात्र मी एक-दोन रांगा पुढे सरकतो, कारण तिथे पडदा लहान असतो. फोर-डीएक्समध्ये मधल्या रांगा. घुमटात मागे आणि मध्ये, नाहीतर मान आखडते.

कडेची खुर्ची कुठेही घेऊ नका. पडदा वक्र असला तर चित्र तिरके दिसते आणि थ्री-डी असले तर त्याहून वाईट.

चित्रपट आयमॅक्ससाठी बनलेला आहे, हे कसे ओळखायचे?

हा सर्वांत उपयोगी प्रश्न आहे.

‘शोले’ १९७५ साली मुंबईच्या मिनर्व्हात ७० मिमीवर लागला आणि तिथेच वर्षानुवर्षे चालला. तो चित्रित झाला होता ३५ मिमीवर; प्रत मागाहून ७० मिमीवर मोठी केली होती. तरी लोकांनी तो भव्यच मानला, कारण दिग्दर्शकाने रुंद चौकट मनात धरून दृश्ये मांडली होती आणि आवाज चारी बाजूंनी येत होता. आजच्या आयमॅक्सच्या बाबतीतही हाच भेद पाहायचा. बहुतेक चित्रपट नेहमीच्या कॅमेऱ्यावर बनतात आणि नंतर कंपनीच्या प्रक्रियेतून, ज्याला डीएमआर म्हणतात, मोठ्या पडद्यासाठी साफसूफ करून घेतले जातात. पहिला हिंदी आयमॅक्स चित्रपट, २०१३ चा ‘धूम ३’, याच वाटेने आला आणि त्यानंतरचे बहुतेक हिंदी-तेलुगू भव्यपटही.

अशा चित्रपटाला उंची वाढून मिळत नाही. तो २.३९ आकारात बनला असेल तर आयमॅक्सच्या पडद्यावरही वर-खाली काळ्या पट्ट्या ठेवून तेवढाच दिसतो. याउलट ‘आयमॅक्ससाठी चित्रित’ असे जाहीर झालेल्या चित्रपटात काही किंवा सगळी दृश्ये १.९० मध्ये उघडतात, म्हणजे उंचीत सुमारे २६ टक्के जास्त चित्र. तिकीट काढण्यापूर्वी चित्रपटाच्या नावापुढे ‘आस्पेक्ट रेशो’, म्हणजे चौकटीच्या रुंदी-उंचीचे प्रमाण, शोधा. आयमॅक्समध्ये किती मिनिटे चौकट उघडते, ही माहिती बहुधा प्रदर्शनाआधीच फुटलेली असते. अडीच तासांत वीस मिनिटे उघडणार असेल तर मी जात नाही. तासाभराहून जास्त असेल तर पहिल्याच आठवड्यात जातो, कारण दुसऱ्या आठवड्यात तो पडदा पुढच्या चित्रपटाने बळकावलेला असतो.

डॉल्बी सिनेमा आणि डॉल्बी अ‍ॅटमॉस एकच का?

नाही, आणि या गफलतीत बरेच पैसे वाया जातात.

अ‍ॅटमॉस ही २०१२ साली आलेली आवाजाची पद्धत. छतालाही स्पीकर असतात आणि प्रत्येक आवाज खोलीतल्या ठरावीक जागेवरून येतो असे भासवता येते. ६४ वेगवेगळ्या स्पीकरांपर्यंत तो वाटता येतो. पाऊस खरोखर डोक्यावर पडू लागतो. महाराष्ट्रात अ‍ॅटमॉसच्या स्क्रीन पुष्कळ आहेत आणि त्यांचे तिकीट बहुधा साध्या स्क्रीनपेक्षा फार जास्त नसते. पैशाच्या मानाने सर्वाधिक फरक पडतो तो इथे.

डॉल्बी सिनेमा म्हणजे अ‍ॅटमॉसच्या जोडीला त्यांचाच दुहेरी लेझर प्रोजेक्टर, काळ्याकुट्ट भिंती आणि मोजूनमापून मांडलेल्या खुर्च्या. भारतातला पहिला डॉल्बी सिनेमा २०२५ च्या जुलैत पुण्यात, खराडीच्या सिटी प्राइडमध्ये सुरू झाला. मुंबईच्या आधी पुण्याला मिळाला, ही गोष्ट पुणेकर पुढची दहा वर्षे सांगणार. त्याचे बलस्थान काळा रंग आहे. पडदा काळा झाला की खोलीत पडदा आहे हेच कळत नाही. अवकाशातली, रात्रीची, मेणबत्तीच्या उजेडातली दृश्ये ज्यात जास्त, त्या चित्रपटाला डॉल्बी. उंच डोंगर, समुद्र, विमाने ज्यात जास्त, त्याला आयमॅक्स. दोन्हींत अडकलात तर मी डॉल्बीकडे झुकेन, निदान उजेड तरी खात्रीचा.

फोर-डीएक्स कसे आहे?

जत्रेतल्या पाळण्यासारखे. एकदा बसावे, हसावे, उतरावे.

ही पद्धत दक्षिण कोरियाची, २००९ पासूनची. खुर्ची हलते, पाठीत ठोसे बसतात, वारा येतो, पाण्याचे तुषार उडतात, वास सोडला जातो, वीज चमकते. गाड्यांचा पाठलाग किंवा डायनासोर असेल तर पहिली वीस मिनिटे धमाल असते. अडचण पुढे सुरू होते. पडद्यावर नायक मार खातो तेव्हा खुर्ची आपल्याला मारते, आणि नायक मारतो तेव्हाही आपल्यालाच. म्हणजे आपण नेमके कोणाच्या बाजूने बसलोय हे खुर्चीला ठाऊक नसते. भावनिक प्रसंगात कॅमेरा हळूच सरकला म्हणून खुर्ची डुलते, तेव्हा तर चित्रपटातून मन पूर्ण बाहेर येते. ज्या चित्रपटाची गोष्ट तुम्हाला कळायला हवी आहे, तो इथे पाहू नका.

पाणी नको असेल तर खुर्चीच्या हातावर बटण असते, ते बंद करा. चष्मा असेल तर पुसायला रुमाल हाताशी ठेवा. गरोदर स्त्रिया, पाठीचे-मानेचे दुखणे असलेले, हृदयविकार किंवा फिट्सचा त्रास असलेले आणि अगदी लहान मुले यांनी टाळावे. ही सूचना थिएटरवालेही लावतात, पण तिकीट काढताना ती कोणी वाचत नाही. घाट लागला की ज्यांना गाडीत उलटी होते त्यांनी तर लांबच राहावे. गरम चहा-कॉफी आत नेऊ नका, याचे कारण सांगायला नको.

आणि स्क्रीन-एक्स?

समोरच्या पडद्याबरोबर दोन्ही बाजूंच्या भिंतींवरही चित्र, मिळून २७० अंश. ते चित्रपटभर नसते, ठरावीक दृश्यांत उघडते. संगीत-मैफलीच्या चित्रपटांना शोभते. इतरत्र बाजूच्या भिंतीवर बाहेर जाण्याचा दरवाजा आणि त्यावरची हिरवी पाटी चित्रात मिसळलेली दिसते.

थ्री-डी घ्यावे का?

चित्रपट मुळातच थ्री-डी कॅमेऱ्यावर किंवा संपूर्ण संगणकावर बनलेला असेल तर, आणि लेझर प्रोजेक्टर असेल तर. नाहीतर नको. साध्या टू-डी चित्राच्या उजेडाचे मानक १४ फूट-लँबर्ट (पडद्यावरचा उजेड मोजायचे एकक) आहे. थ्री-डीचा चष्मा चढवला की डोळ्यांपर्यंत त्याच्या निम्म्याहून कमी पोहोचतो. मंद दिव्याच्या स्क्रीनवर तर सगळे संध्याकाळी सातला घडतेय असे वाटते. जुन्या डिजिटल आयमॅक्सच्या चष्म्यात मान थोडी तिरकी केली तरी प्रतिमा दुहेरी दिसू लागते, म्हणून शेजाऱ्याच्या खांद्यावर डोके टेकून पाहायचा बेत असेल तर टू-डीच बरे.

रिक्लायनरचे जादा पैसे द्यावेत का?

आराम हवा असेल तर खुशाल द्या. चित्राशी किंवा आवाजाशी त्याचा संबंध नाही. उलट रिक्लायनर बहुधा शेवटच्या रांगेत असतात, म्हणजे जास्त पैसे देऊन पडदा लहान करून घेणे झाले. तीन तासांच्या चित्रपटाला झोप लागते, हाही एक अनुभवाचा भाग.

या पैशांचे नेमके होते काय?

चौघांचे कुटुंब, ६०० रुपयांचे तिकीट, असे धरून चालू: २,४०० रुपये. शंभराच्या वरच्या तिकिटाला १८ टक्के जीएसटी आहे (२०२५ च्या सप्टेंबरपासून शंभरापर्यंतच्या तिकिटाचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला, पण त्या दरात आयमॅक्स कुठला!). दर करासह धरला तर त्यातले साधारण ३६६ रुपये सरकारचे. उरलेल्या दोन हजारांतला पहिल्या आठवड्यात जवळपास निम्मा वाटा निर्माता-वितरकांकडे जातो, पुढच्या आठवड्यांत तो घटतो. थिएटरकडे राहिले ते हजारभर. त्यातून भाडे, वीज, आयमॅक्सचा करार.

म्हणूनच थिएटरवाल्याचा जीव पॉपकॉर्नमध्ये असतो. तिथे वाटेकरी नाही.

ऑनलाइन तिकिटाचा आकार, म्हणजे सुविधा शुल्क, वेगळा. तो प्रत्येक तिकिटामागे लागतो आणि त्याच्यावरही १८ टक्के कर असतो. महाराष्ट्र सरकारने पूर्वी हा आकार घ्यायला मनाई करणारे आदेश काढले होते. मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ च्या जुलैत ते रद्द केले. चार तिकिटांवर हा आकार सहज दीड-दोनशेपर्यंत जातो. थिएटर घराजवळ असेल तर खिडकीवर जाऊन तिकीट काढा, तो वाचतो.

कमी पैशात कसे पाहता येईल?

सोमवार ते गुरुवार सकाळचा पहिला खेळ. तोच पडदा, तोच प्रोजेक्टर, आणि दर शनिवारच्या रात्रीपेक्षा बराच खाली. मधल्या खुर्च्याही मिळतात. रजा टाकायची तर अशा वेळी टाकावी.

सवलतींवर फार भिस्त ठेवू नका. राष्ट्रीय सिनेमा दिनाला २०२२ मध्ये ७५ रुपयांत आणि २०२३ मध्ये ९९ रुपयांत तिकिटे मिळाली, पण २०२३ च्या सवलतीतून आयमॅक्स, फोर-डीएक्स आणि रिक्लायनर वगळले होते. मासिक पासांचेही तेच; ६९९ रुपयांत महिन्याला दहा चित्रपटांचा पास २०२३ मध्ये निघाला, त्यातही हे पडदे नव्हते. ज्या गोष्टीला गर्दी आहे ती कोणी स्वस्तात देत नाही.

दरांवर सरकारी मर्यादा महाराष्ट्रात नाही. तमिळनाडूत आहे. कर्नाटकने २०२५ च्या सप्टेंबरमध्ये २०० रुपयांची कमाल मर्यादा जाहीर केली आणि त्याच महिन्यात उच्च न्यायालयात तिला स्थगिती मिळाली. आंध्रात, श्रीहरिकोट्याजवळच्या सुळ्ळूरपेट्यात, २०१९ पासून शंभर फुटांहून रुंद पडदा आहे आणि तो एका छोट्या गावात चालतो. मोठा पडदा म्हटला की मॉल आणि सहाशेचे तिकीट हे समीकरण कोणी दगडावर कोरून ठेवलेले नाही.

बाहेरचे खाणे नेता येते का?

सर्वोच्च न्यायालयाने २०२३ च्या जानेवारीत निकाल दिला: थिएटरला बाहेरचे खाणे अडवण्याचा अधिकार आहे, पण पिण्याचे स्वच्छ पाणी मोफत द्यावे लागेल आणि तान्ह्या मुलांचे खाणे पालकांना आत नेऊ द्यावे लागेल. तेव्हा पाण्याच्या बाटलीला सत्तर रुपये मोजण्याआधी मोफत पाणी कुठे आहे ते विचारा. असते ते, बहुधा स्वच्छतागृहाच्या शेजारच्या कोपऱ्यात लपवलेले. खाण्यावर जीएसटी ५ टक्के आहे, हे जीएसटी परिषदेने २०२३ च्या जुलैत स्पष्ट केले. बाकी वडापाव आधी खाऊन जाणे हा महाराष्ट्राचा जुना तोडगा आहेच.

आई-वडिलांना किंवा लहान मुलांना न्यावे का?

चित्राला हरकत नाही. आवाजाचा विचार करा. चित्रपटगृहाचा आवाज ठरलेल्या मानकावर लावला तर प्रत्येक मुख्य स्पीकरचा सर्वोच्च कडाका १०५ डेसिबलपर्यंत जातो, आणि खर्जाचा त्याहून वर. चार-पाच वर्षांच्या मुलाला तो सोसत नाही. मूल घाबरले असे आपण म्हणतो, प्रत्यक्षात त्याचे कान दुखत असतात. मुलांसाठी कान झाकणारे मऊ हेडफोन मिळतात, ते जवळ ठेवा. श्रवणयंत्र लावणाऱ्या आजोबांनी आत शिरताना त्याचा आवाज कमी करावा. आयमॅक्सच्या पायऱ्या उंच आणि अंधाऱ्या असतात, तेव्हा गुडघेदुखी असलेल्यांसाठी आत येण्याच्या दाराजवळची रांग कोणती, हे तिकीट काढण्याआधी विचारून घ्या.

मराठी चित्रपट अशा पडद्यावर पाहायला मिळतील का?

क्वचित, आणि त्यात मला फारसे वाईट वाटत नाही. आपल्या चांगल्या मराठी चित्रपटांची ताकद चेहऱ्यात, बोलीत आणि प्रसंगात असते. साधी स्क्रीन आणि बरा आवाज त्यांना पुरतो. वाईट वाटते ते वेगळ्याच गोष्टीचे. भव्यपट आला की मल्टिप्लेक्समधल्या सगळ्या चांगल्या वेळा त्याच्याकडे जातात आणि मराठी चित्रपटाला सकाळी पावणेदहाचा खेळ उरतो. आयमॅक्सच्या चार तिकिटांच्या पैशांत दोन मराठी चित्रपट सहकुटुंब पाहून होतात, हा हिशेब मी घरी दरवेळी मांडतो. मुले दरवेळी ऐकतात असे नाही.

त्यापेक्षा घरीच प्रोजेक्टर घेतला तर?

१०० इंची पडदा तीन मीटरवरून पाहिला तर ४० अंश भरतात, म्हणजे थिएटरमधल्या बऱ्या खुर्चीइतके. चित्राचे काम होते. अडते आवाजापाशी: सोसायटीतल्या फ्लॅटमध्ये खर्ज वाढवला की खालच्या मजल्यावरचे काका दाराशी येतात. दिवसा खोली काळी करणे हेही वाटते तितके सोपे नाही. क्रिकेट पाहणाऱ्यांनी जरूर घ्यावा.

फार पैसे न देता मुलांना घुमटाचा अनुभव द्यायचा आहे. कुठे जावे?

तारांगणात. वरळीचे नेहरू तारांगण १९७७ पासून आहे. पुण्यात टिळक रस्त्यावरच्या न्यू इंग्लिश स्कूलचे तारांगण तर १९५४ सालचे, देशातल्या सर्वांत जुन्यांपैकी एक. डोक्यावर अख्खे आकाश येते, निवेदन मराठीतूनही मिळते आणि तिकीट मॉलमधल्या कॉफीपेक्षा स्वस्त. सुटीत गर्दी असते, वेळ आधी विचारून जा.

मुलाकडे अमेरिकेला चाललो आहोत. लास वेगासचे स्फिअर पाहावे का?

वेगासला जाणारच असाल तर होय. फक्त त्याच्यासाठी लॉस एंजेलिसहून चार-पाच तास गाडी हाकायची असेल तर आधी तिथे काय चालू आहे ते पाहा.

हा गोल २०२३ च्या सप्टेंबरअखेर उघडला. बांधायला सुमारे २३० कोटी डॉलर लागले. उंची ३६६ फूट. आतला एलईडी पडदा १,६०,००० चौरस फुटांचा, डोक्यावरून मागेपर्यंत वळलेला. प्रोजेक्टर नाहीच, त्यामुळे दिवा मंद होण्याची भानगड नाही. चित्रपटाचे तिकीट बहुधा शंभर डॉलरच्या पुढे, गाण्याच्या मैफलीचे त्याच्या कितीतरी पट. खुर्ची इथे सर्वांत महत्त्वाची. १०० क्रमांकाच्या विभागातल्या मागच्या रांगा वरच्या मजल्याच्या सज्जाखाली येतात आणि तिथून घुमटाचा वरचा भाग दिसतच नाही; नेमकी तीच तिकिटे ‘खालचा मजला’ म्हणून ज्येष्ठांसाठी घेतली जातात. २०० किंवा ३०० विभागाच्या मधल्या खुर्च्या घ्या. ४०० मधून चित्र पूर्ण दिसते, पण चढ इतका तीव्र आहे की उंचीची भीती असलेल्यांना बसवत नाही. बाहेरचा झगमगता गोल रस्त्यावरून फुकट दिसतो, आणि बऱ्याच पाहुण्यांचे समाधान तेवढ्यावरही होते.

इंग्रजी आयमॅक्सला मध्यंतर असते का?

आपल्याकडे असते. दिग्दर्शकाने ठेवलेले नसते, थिएटरवाल्याने ठेवलेले असते, आणि ते कुठल्याही वाक्याच्या मध्यावर येते. कारण वर पॉपकॉर्नच्या हिशेबात आलेच आहे.

शो बिघडलेला निघाला तर काय करावे?

गप्प बसू नये. चित्र अंधुक आहे, टू-डी खेळात थ्री-डीची भिंग तशीच राहिली आहे, एका बाजूचा स्पीकर बंद आहे, चौकट कापली जातेय: हे सगळे घडते आणि प्रोजेक्टर खोलीत आता कोणी बसलेले नसते, त्यामुळे प्रेक्षकाने सांगितल्याशिवाय कळतही नाही. पहिल्या दहा मिनिटांत बाहेर जाऊन व्यवस्थापकाला सांगा. दुरुस्त झाले नाही तर मध्यंतराआधीच दुसऱ्या खेळाचे तिकीट किंवा पैसे परत मागा. चित्रपट संपल्यावर मागितले तर कोणी दाद देत नाही. तिकिटावरच्या प्रकाराचे नाव दिसेल असा फोटो काढून ठेवा. आयमॅक्स लेझरचे पैसे घेऊन साध्या स्क्रीनवर बसवले असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते, मराठीतूनही.